पाण्याला वाट, माणसाला किल्ली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी जुलै-ऑगस्टात बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. कोल्हापूरकरांचे कान तर या वाक्याकडे लागलेलेच असतात. पंचगंगेचं पाणी पुढे किती चढेल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा असतो. या दरवाज्यांची गंमत अशी, की ते उघडायला कोणी बटण दाबत नाही. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं, की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला असताना, १९०३ साली, त्यांनी पुण्याजवळच्या खडकवासला जलाशयावर असेच स्वयंचलित दरवाजे बसवले होते. म्हणजे आपोआप उघडणारं दार ही आपल्याकडे काही कालपरवाची वस्तू नाही.

श्रोतेहो, मला आज बोलायचं आहे ते मात्र धरणाच्या दारांबद्दल नाही. आपल्या सोसायटीच्या, बंगल्याच्या, कारखान्याच्या स्वयंचलित गेटाबद्दल. धरणाचा दरवाजा पावसानं उघडतो, आपलं गेट पावसानं अडतं. ते का अडतं आणि अडू नये म्हणून काय करायचं, एवढाच माझा विषय आहे.

अशी गेटं बसवण्याचं, आणि त्याहून जास्त म्हणजे दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्त करण्याचं काम मी वीस-बावीस वर्षं करतो आहे. वसईपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा, घाटावर पुणे-सातारा आणि अधूनमधून नागपूर, असा माझा फिरण्याचा टापू. जून लागला, की फोन सुरू होतात. ‘साहेब, गेट अर्ध्यात थांबलंय.’ ‘साहेब, गेट आपलं आपणच उघडतंय.’ आणि तिसरा प्रकार : ‘साहेब, गेटाला हात लावला की मुंग्या येतात.’ हा तिसरा फोन आला, की मी आधी मेन स्विच बंद करायला सांगतो आणि हातातलं काम टाकून निघतो. कारण पहिल्या दोन तक्रारी गैरसोयीच्या आहेत, तिसरी जिवाची आहे.

स्वयंचलित गेट हे विजेवर चालणाऱ्या इतर घरगुती वस्तूंसारखं नसतं. फ्रिज, पंखा, मिक्सर ही सगळी मंडळी छपराखाली राहतात. गेट बारा महिने उघड्यावर उभं असतं. चैत्र-वैशाखाचं ऊन, मृगाचा वळीव, आषाढातली संततधार, किनाऱ्यावरचा खारा वारा हे सगळं ते अंगावर घेतं. आणि त्याच्या पोटात काय असतं? एक मोटार, तिची गिअरपेटी, ती चालवणारं कार्ड, गेट कुठे थांबायचं ते सांगणारा लिमिट स्विच, आडवं कोणी आलं तर पाहणारा फोटोसेल आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा. यातली लोखंडाची वस्तू बिघडायला वर्षं लागतात, कार्डाला मात्र पाण्याचा एक थेंब पुरतो.

आता पहिला शत्रू पाणी. बहुतेकांना वाटतं, की मोटारीची पेटी चहूबाजूंनी घट्ट बंद केली की काम झालं. एका सोसायटीनं मे महिन्यात नेमकं हेच केलं होतं. झाकणाच्या कडेनं सिलिकॉन भरलं, वरून टेप गुंडाळली, खालची दोन लहान भोकंही बुजवून टाकली. जुलैत मी झाकण उघडलं, तर आत पेलाभर पाणी साचलेलं. पेटीला कुठेही चीर नव्हती. मग पाणी आलं कुठून?

उत्तर सोपं आहे. पेटी श्वास घेते. दुपारच्या उन्हात ती तापते, आतली हवा फुगते आणि बारीक फटींतून थोडी बाहेर पडते. मग एकाएकी पावसाची सर येते, पेटी गार पडते, आतली हवा आक्रसते आणि पेटी बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. त्या वेळी फटीवर पाणी साचलेलं असेल, तर हवेबरोबर पाणीही ओढलं जातं. ओढलेल्या हवेतली वाफ रात्री झाकणाच्या आतल्या बाजूला दव होऊन बसते आणि थेंबाथेंबानं कार्डावर गळते. हे रोज घडतं. पेटी कितीही घट्ट असली, तरी कुठून तरी ओल आत येतेच. प्रश्न एवढाच, की आलेली ओल बाहेर कशी जाणार? कंपनीनं पेटीच्या तळाला ठेवलेली भोकं त्यासाठीच असतात. ती बुजवायची नाहीत. किडे येतात असं वाटलं, तर त्यांना बारीक जाळी लावायची.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण वर्षानुवर्षं भिंतींवर वाचत आलो. शिवारात ती सोळा आणे खरी आहे. गेटाच्या बाबतीत मात्र उलटं. इथे पाणी अडवायचंही नाही आणि जिरवायचंही नाही. आलं तसं वाटेला लावायचं.

मोटार विकत घेताना तिच्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे लिहिलेले असतात. ते बघून घ्यावेत. पहिला आकडा धूळ आणि किडे किती अडतात ते सांगतो, दुसरा पाणी. ४४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही आणि कुठल्याही बाजूनं उडालेल्या शिंतोड्यांनी नुकसान होणार नाही. ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि नळीच्या धारेपासून संरक्षण. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. कोकणात आणि मुंबईत मी कार्डाच्या पेटीसाठी निदान ५५ आणि शक्यतो ६५ मागतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही परीक्षा नव्याकोऱ्या पेटीची, साध्या पाण्यानं घेतलेली असते. चार उन्हाळे खाऊन रबर कडक झालेल्या, खारं वारं लागलेल्या पेटीची नव्हे. त्यामुळे झाकणाचं रबर दोन-तीन वर्षांनी बदलायचं, ही गोष्ट आकड्याइतकीच महत्त्वाची.

माझ्या अनुभवात गेटाच्या पेटीत सर्वांत जास्त पाणी वरून येत नाही, खालून येतं. जमिनीखालून तारा आणायला जो पाइप टाकलेला असतो, तो पावसाळ्यात पाटासारखा वाहतो. त्यातून पाणी नाही आलं, तरी ओल, मुंग्या आणि गोगलगायी येतात. पाइपाचं तोंड तारा ओढून झाल्यावर फोमनं किंवा पुटीनं बंद केलंच पाहिजे. तार पेटीत शिरते ती बाजूनं किंवा वरून नको, खालून हवी. शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यायचा. मग तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी येऊन टपकतं, आत जात नाही. कौलाच्या कडेवरून पागोळी गळते ना, तसंच. आणि जमिनीखाली तारांना जोड देऊन काळी टेप गुंडाळणं तर सक्त मना. जोड द्यायचाच, तर तो जमिनीच्या वर, पेटीत.

मोटार ज्या चौथऱ्यावर बसते, तो जमिनीपासून किती उंच असावा? पुस्तकात काही इंच लिहिलेले असतात. मी मात्र जागेवरच्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारतो, की पाणी कुठवर चढतं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी कुठलाच चौथरा पुरत नाही, हे मान्य. पण दर भरतीला, दर मोठ्या सरीला घोटाभर पाणी जिथे येतंच, तिथे चौथरा वीतभर उंच घेतला तर मोटार वर्षानुवर्षं टिकते. जमिनीखालच्या खड्ड्यात बसवायच्या मोटारी दिसायला सुबक असतात. पण त्या खड्ड्याला पाणी निघून जायला वाट नसेल, तर पावसाळ्यात त्याची विहीर होते. सखल भागात त्या घेऊच नयेत. मोटार पाण्यात बुडलीच, तर पाणी ओसरल्यावर ‘चालते का बघू’ म्हणून बटण दाबू नका. आधी ती उघडून वाळवायची, मेकॅनिककडून तपासून घ्यायची, मग वीज द्यायची. बटण दाबून बघण्याच्या घाईत बरीच कार्डं जळतात.

दुसरा शत्रू मीठ. अलिबाग, मुरुड, गुहागर, मालवण इथल्या लोकांना हे सांगायला नको. खारा वारा लोखंडाला महिन्या-दोन महिन्यांत तांबूस करतो. नुसता रंग इथे पुरत नाही, कारण रंगाला एक ओरखडा पडला की गंज त्याच्या आतून पसरतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं गेट बरंच जास्त टिकतं. ओरखडा पडला, तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण अट अशी, की कापणं, भोकं पाडणं, वेल्डिंग हे सगळं जस्तात बुडवण्याआधी झालेलं असावं. नंतर वेल्डिंग केलं, की त्या जागचं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

स्टेनलेस स्टीलचंही तसंच. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४. किनाऱ्यावर त्याच्यावरही चहाच्या डागांसारखे डाग उठतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खारेपणाला जास्त दाद देत नाही. ते महाग पडतं, म्हणून सगळं गेट नाही, तरी बोल्ट, बिजागऱ्या, कब्जे एवढं तरी ३१६ चं घ्यावं. आणि स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधा लोखंडी स्क्रू मारू नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे चक्क विजेरी झाली. तीत बिचारा लहान स्क्रू भराभर संपतो. मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर घातला तर हे टळतं.

मिठावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोडं पाणी. पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाण्यानं आणि फडक्यानं गेट पुसून घ्यायचं. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो. खरी गरज असते ती नोव्हेंबर ते मे, जेव्हा मीठ बसत जातं आणि धुतलं जात नाही. मात्र गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाची धार मोटारीवर कधीही मारू नका. आषाढाच्या पावसाला जे जमत नाही, ते त्या धारेला एका मिनिटात जमतं.

तिसरा शत्रू ऊन. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आणि तो सावलीतला पारा. उन्हात ठेवलेल्या काळ्या पेटीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. मोटार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते आणि लोक म्हणतात, ‘दुपारी गेट झोपतं.’ ते झोपत नाही, दमतं. बंगल्यासाठी केलेली मोटार शंभर फ्लॅटच्या सोसायटीला लावली, तर सकाळी ऑफिसच्या वेळी तिला उसंतच मिळत नाही. मोटार घेताना गेटाच्या वजनाइतकंच ते दिवसातून किती वेळा उघडणार, हेही सांगायला हवं. पेटीवर पांढरा रंग आणि वर हात-दीड हाताचं पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी वारा खेळेल असं, एवढ्यानंही मोठा फरक पडतो.

लोखंड उन्हानं वाढतंही. सहा मीटरचं गेट पहाटे २० अंशांवर आणि दुपारी उन्हात ६० अंशांवर गेलं, तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटर वाढते. जानेवारीच्या थंडीत घट्ट बसवलेलं गेट मे महिन्यात अडकतं ते यामुळे. मोटारीचं दातेरी चाक आणि गेटाची दात्यांची पट्टी यांच्यातही एक-दोन मिलिमीटरचा मोकळेपणा लागतो. नाही तर गेटाचं सगळं वजन मोटारीच्या दांड्यावर येतं. बॅटरीचा तर उन्हाशी उभा दावा. तापमान दर दहा अंशांनी वाढलं, की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून बॅटरी उन्हातल्या पेटीत नको. वॉचमनच्या केबिनमध्ये सावलीला ठेवावी.

चौथी गोष्ट वीज. आकाशातलीही आणि तारेतलीही. मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. वीज गेटावरच पडायला हवी असं नाही. दूर कुठे पडली, तरी तारांमधून दाबाची लाट येते आणि कार्ड जातं. ही लाट विजेच्या तारेतून येते तशी इंटरकॉमच्या तारेतूनही येते. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर मिळतो, पण चांगलं अर्थिंग नसेल तर तो नुसता शोभेचा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. गडगडाट जवळ आला, की तासभर गेटाची वीज बंद करून ते हातानं चालवावं. कार्डाच्या किमतीपुढे तासभराची मेहनत काहीच नाही.

आता ‘मुंग्या येतात’ हा जो फोन मी सांगितला, त्याबद्दल. ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस, लोखंडी गेट आणि कुठेतरी सोललेली २३० व्होल्टची तार. हे तिन्ही पावसाळ्यातच एकत्र येतात. आणि बहुधा तो माणूस असतो वॉचमन, पायात रबरी चप्पल, तीही भिजलेली. गेटाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच हवा. बरेच जण त्याला ईएलसीबी म्हणतात. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक लहान बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटका पडला तर तो जिवंत आहे. पावसाळ्यात तो वारंवार पडतो म्हणून त्याला वगळून सरळ लाइन देणारे लोक मी पाहिले आहेत. खटका वारंवार पडतो, याचा अर्थ कुठेतरी खरोखर गळती आहे. ती शोधायची. नवीन गेट बसवत असाल, तर २४ व्होल्टची मोटार मागा. तिथे गेटापर्यंत घरगुती दाबाची वीज नेण्याची गरजच उरत नाही, आणि वीज गेली तर ती बॅटरीवरही चालते.

पाचवा शत्रू वारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतर मी त्या बाजूला गेलो, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली : जाळीची आणि गजांची गेटं बहुतेक उभी होती, पत्र्यानं पूर्ण मढवलेली वाकली होती. हिशेब साधा आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात पत्र्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोंचा दाब येतो. सात चौरस मीटरच्या गेटावर सव्वातीनशे किलोंहून जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. आड म्हणून पत्रा लावायचाच असेल, तर पट्ट्यापट्ट्यांचा, मध्ये फटी ठेवून लावावा. वादळाचा इशारा आला, की गेटाची वीज बंद करावी आणि जुन्या पद्धतीनं अडसर घालून ते पक्कं करावं. वादळाचा भार मोटारीच्या दात्यांनी नव्हे, लोखंडी कडीनं घ्यायला हवा.

किडामुंगीलाही मी शत्रूच म्हणेन. कार्डाची पेटी उबदार असते, त्यामुळे पावसाळ्यात मुंग्या तिथे घर करतात आणि मुंग्यांच्या मागे पाल येते. कार्डावर कीटकनाशक फवारू नका. पाइपाची तोंडं आणि तारांची भोकं नीट बंद असली, तर फवारण्याची वेळच येत नाही.

इथवर मी गेटाचं रक्षण कसं करायचं ते सांगितलं. पण गेटापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे त्यातून जाणारा-येणारा माणूस. फोटोसेल हा गेटाचा डोळा. मध्ये मूल आलं, सायकल आली, तर तो गेट थांबवतो. पावसाळ्यात त्याच्या काचेवर चिखल उडतो, कोळी जाळं विणतो, कधी कलत्या उन्हाची तिरीप थेट आत जाते आणि गेट उगीचच थांबायला लागतं. मग कोणी तरी मेकॅनिक दोन तारा जोडून फोटोसेल वगळून टाकतो. आमच्या भाषेत त्याला ‘जंपर मारणं’ म्हणतात. गेट झकास चालायला लागतं, सगळे खूश. पण आता ते आंधळं झालेलं असतं, आणि हे कोणालाच माहीत नसतं. श्रोतेहो, दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी एक करा. गेट बंद होत असताना दोन फोटोसेलच्या मध्ये लांबूनच काठी किंवा झाडू धरा. गेट थांबलं नाही, तर दुरुस्ती झालेली नाही.

दुसरी गोष्ट स्टॉपर. सरकतं गेट रुळावरून पुढे निसटून पडू नये म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी अडण्या असतात आणि वरून ते धरून ठेवणारे रोलर असतात. पाच-सात पावसाळ्यांत यांचं वेल्डिंग गंजतं, वरून रंग मात्र ताजा दिसतो. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये लोखंडी गेट अंगावर पडून एका लहान मुलीचा जीव गेला. ही बातमी अनेकांना आठवत असेल. गेट हातानं ढकलायचं असो की मोटारीचं, स्टॉपर दरवर्षी हातोडीनं ठोकून बघायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या, तर त्याच दिवशी वेल्डर बोलवायचा. आणि मुलांना गेटाला लोंबकळून झोका घेऊ द्यायचा नाही, हे मोटारीच्या गेटाला तर दुप्पट लागू.

तिसरी गोष्ट किल्ली. प्रत्येक स्वयंचलित गेटाला एक किल्ली असते. ती फिरवली, की मोटार सुटी होते आणि गेट हातानं ढकलता येतं. ठाण्याच्या बाजूला एका सोसायटीत जुलैतल्या एका रात्री वीज गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ची रुग्णवाहिका आली आणि गेटाबाहेर उभी राहिली. गेट उघडेना. बॅटरी पाच वर्षांची जुनी, ती केव्हाच संपलेली. किल्ली होती सेक्रेटरींच्या कपाटात आणि सेक्रेटरी गावी. शेवटी स्ट्रेचर बाजूच्या लहान दारातून तिरकं करून नेलं, पावसात आणि अंधारात. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं गेलं. वॉचमन मला म्हणाला, ‘साहेब, मला कोणी किल्ली दाखवलीच नव्हती. मला वाटलं गेट बिघडलं.’ मी सगळं तपासलं. गेटात एकही बिघाड नव्हता. एवढ्या पावसातही मोटार, कार्ड, तारा सगळं कोरडं ठणठणीत होतं.

म्हणून मी हल्ली कुठेही काम संपवलं, की वॉचमनला बोलावतो आणि त्याच्याकडून किल्ली लावून गेट हातानं दोनदा उघडून घेतो. रात्रपाळीवाला वेगळा असेल, तर त्यालाही संध्याकाळी थांबून दाखवतो. त्याला पाच मिनिटं लागतात. किल्ली केबिनमध्ये खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असावी, आणि एक जादा किल्ली तळमजल्यावरच्या कोणाकडे तरी.

कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरतात. लाकूडफाटा, सुकी मासळी, मसाले घरात येतात आणि भिंतींना झापांची झड बांधली जाते. गेटाचीही अशीच आगोट असावी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुळातली माती काढायची, रुळाच्या पाण्याला उतार आहे का ते बघायचं, पाइपांची तोंडं, झाकणाचं रबर, आरसीसीबी, स्टॉपर तपासायचे आणि बॅटरीवर गेट किती वेळा उघडतं ते मोजायचं. गणपतीच्या सुमाराला, पावसाला जरा उघडीप मिळाली, की एकदा झाकण उघडून आत ओल नाही ना ते बघायचं. आणि दसऱ्याला आपण सगळ्या यंत्रांची पूजा करतोच. मोटारीला झेंडूची माळ घालण्याआधी तिचं झाकण काढा, जाळी-मुंग्या झटका, दात्यांच्या पट्टीवरची वाळू पुसा. दात्यांवर ग्रीस थापू नका. ग्रीसला वाळू चिकटते आणि दाते झिजतात. मग खुशाल माळ घाला.

या सगळ्याला खर्च किती? मोटार घेताना जो होतो, त्यापुढे नगण्य. सोसायटीच्या सभेत गेटाच्या रंगावर तासभर चर्चा होते, ते मी ऐकलेलं आहे. त्यातली दहा मिनिटं या यादीला दिली, तरी पुरे.

आणि आजच करता येईल असं एक काम सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी खाली उतराल, तेव्हा वॉचमनला विचारा : ‘काका, वीज गेली तर गेट कसं उघडायचं?’ त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून दाखवली, तर निर्धास्त घरी जा. ते तुमच्या तोंडाकडे बघत राहिले, तर पाऊस येण्याआधी ती किल्ली शोधून ठेवा.